गोणपाटावरचं इंजिन

दादा,

मी दुपारच्या एस.टी.नं इंदापूरला सासरी चालले. तुझी आरडाओरड ऐकायला थांबत न्हाय.

तू पुण्याला पिस्टनच्या रिंगा आणायला गेलास आन् हितं काल खंडेनवमी झाली. आईनं नांगर, कोयता, विळा पुजायला काढला. मग तात्यांच्या मोटरसायकलचं इंजिन खोलून तू गोणपाटावर ओळीनं मांडलेलं, तेबी सगळं उचललं आन् चिंच-राख लावून तांब्या-पितळेसारखं घासलं. तुझ्या खडूच्या खुणा गेल्या. कुठलं कुठं बसतंय ते आता तुझं तू बघ. गंजू नये म्हणून मी करडईचं तेल चोळलंय. हळदकुंकू तिनं माझ्या हातनं वाहून घेतलं. पिस्टनच्या खाचांत कुंकू बसलंय, ते चिंधीनं पूस, पण ती मळ्यात गेल्यावर.

तिच्यापुढं ब्रसुद्धा काढू नकोस. तात्या गेल्यापासून ती त्या गाडीकडं ढुंकून बघत नव्हती, भंगारात घाला म्हणायची. आज सकाळी घासलेला पिस्टन पदरानं पुसत मला हळूच विचारत होती, “शके, मागं बसायची गादी अजून हाय का गं?”

शकू