तळापर्यंत न पोचणारा उजेड

अझर,

मी साडेनऊच्या एसटीनं जास्मिनकडं न्हावऱ्याला चाललेय. भाजी करून ठेवलीय, भात तुझा तू लाव.

काल टाकी बघायला आलेल्या हौसराव आप्पांसमोर तू खुशाल म्हणालास, "आपा खायला जास्त टाकते, म्हणून टाकीतली कोरलं मेली." मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. ट्रे ठेवला आन् आत गेले, पाहुण्यांपुढं भावाची शोभा कशाला करायची!

आता ऐक. समुद्रातली प्रवाळं ती, झाडासारखी उजेडावर जगतात. साडेतीन फूट खोल टाकी, आन् वर दोन ट्यूब! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मैदानावर असतो तसला मेटल हॅलाइडचा दिवा लागेल. पण तुझ्या त्या दोस्ताच्या, पप्पूच्या पोल्ट्रीत ट्यूब चालतात, म्हंजी आपल्याकडंही चालणार! कोंबड्या पाण्यात बुडून बसतात व्हय रे? खाण्यानं पाणी नासलं असतं, तर सगळीच मेली असती. वरच्या दगडावरची टवटवीत आहेत, तळातलीच पांढरी पडलीत.

तळातली दोन अजून जिवंत आहेत, ती वर घे. दिवा आणलास तर पाण्यापासून हातभर उंच टांग आन् आधी दोनच तास लाव, नाहीतर उरलेली भाजून काढशील.

ही चिठ्ठी मुद्दाम टाकीच्या मागच्या काचेला, अगदी तळाशी, बाहेरून लावलीय. अक्षरं पाण्याकडं आहेत. तुझ्या ट्यूबच्या उजेडात वाचता आली, तर पप्पू खरा. टॉर्च घ्यावी लागली असेल, तर ती तशीच हातात धरून आप्पांकडं जा आन् कोरलं कुणी मारली ते सांग.

आपा