बेकरीच्या रस्त्यावरचा पडदा

अलेप्पो, ३ मार्च २०१४

बेकरी रस्त्यापलीकडे, आणि टपाल कचेरीच्या गच्चीवर सरकारचा बंदूकवाला. आज पुन्हा गोळी — माझ्या मुनीरच्या हातातला पाव गेला, मुनीर वाचला. घरी येऊन नवरा मला काय सांगतो? "ताजा होता गं."

वरच्या मजल्यावरची फारिसची आई म्हणाली, "आपण दिसतो म्हणून मारतो ना? मग दिसायचंच नाही." रस्त्यावर आडवा पडदा बांधायचा ठरलं.

५ मार्च

सगळ्या बायका शिवायला बसलो. चादरी, गालिचे, माझा दिवाणखान्यातला मोरपंखी पडदा. फारिसच्या आईला तो मधोमध नको. भडक दिसतो म्हणे. कुणाला दिसतो? "पलीकडच्यांना. म्हणतील, यांच्याकडे एवढंच होतं."

तिचा गुलाबी मधे, माझा कडेला. राग अजून गेलेला नाही.

६ मार्च

बांधला. मी मुद्दाम सावकाश चालत गेले.

११ मार्च

आपल्या बाजूचा कमांडर आला — अबू हम्मूद. लढाईआधी फ्रीज दुरुस्त करायचा. आमचा यानेच कायमचा बंद पाडला.

"वहिनी, पडदा काढा. पोरांना नेम धरता येत नाही."

"तुम्ही इथे बसलात कशाला?"

"तुमच्या रक्षणाला."

"मग पडदाही त्यालाच बांधलाय."

बराच विचार करून म्हणाला, "ते खरं. पण त्याने रक्षणात अडथळा येतो."

त्याच्या पोरांनी दोऱ्या कापल्या. घड्या मात्र नीट घालून दिल्या.

१२ मार्च

फारिसच्या बायकोला, हनादीला, सकाळीच कळा सुरू झाल्या. सुईण रस्त्यापलीकडे. अबू हम्मूद विचारतो, थोडं थांबता येणार नाही का? हनादीने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

निघालो. एका बाजूने तिची सासू, दुसऱ्या बाजूने मी. भर रस्त्यात कळ आली, हनादी खाली बसली. मग आम्हीही बसलो. लख्ख ऊन, समोर गच्ची. मी डोळे मिटून घेतले. फारिसची आई सुनेला म्हणत होती, "श्वास घे, घाई नाही." घाई नाही!

गोळी आली नाही. उठलो, पोचलो. मुलगी झाली. घरी येऊन मी खूप रडले.

१३ मार्च

सकाळी टपाल कचेरीच्या गच्चीवरून हाक आली. सगळा रस्ता जागच्या जागी थिजला.

"मावशी, पडदा परत लावा. उद्यापासून माझ्या जागी दुसरा येतोय."