लिंबू धरलेला हात

रविवार संध्याकाळ, क्लेमेंटी, सिंगापूर

दुपारपासून नितीनचे फोटो येतायत. जहाज इटलीच्या बंदरात लागलंय म्हणे, आणि हा किनाऱ्यावरच्या गावांतून आरामात पायी हिंडतोय. पायऱ्या, रंगीत घरं, एका फोटोत हातात मोठंसं लिंबू.

इतकी वर्षं हाच सांगत आलाय की इंजिनवाल्यांना बंदर बघायला मिळत नाही. जहाज थांबलं की मशीन उघडायची, यांचं खरं काम तेव्हाच. मग आज अख्खा दिवस मोकळा कसा? आणि फोटो काढतंय कोण?

लेकीला दाखवलं, तर इथल्या इंग्रजीत म्हणाली, “लेट पापा एन्जॉय, ला.” असेल. मीच संशयी असेन.

पण तो लिंबाचा फोटो मी पुन्हा मोठा करून पाहिला. नखं स्वच्छ आहेत. सुट्टीवर घरी आला तरी याच्या नखांतलं तेलाचं काळं दोन-तीन आठवडे जात नाही. तोवर मी त्याला कणकेला हात लावू देत नाही.

शेवटी विचारलं, “जहाज कुठाय?”

लगेच समुद्राचा फोटो आला. निळाशार, लांबपर्यंत. त्यात एकही जहाज नाही.