रेंज नव्हती

प्रिय तेजल,

तुझे तीन मेसेज आले, एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील. पण जे सांगायचंय ते फोनवर तोंडातून निघत नाही, म्हणून सफाळ्याच्या बाजारातून वही आणली आणि ओट्यावर बसलोय. आई शेतावर गेलीय. हळवं भात पिकून पिवळं पडायला लागलंय.

बेटावर कसं चाललंय? संध्याकाळी सात वाजले, आपल्या जंगलफेरीची वेळ झाली, की माझे पाय अजून गमबूट शोधतात. तू पुढे, मी सगळ्यांच्या मागे, मधे सहा-आठ पर्यटक, आणि तुझं ठरलेलं वाक्य, ‘घाबरू नका, तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलाय.’ पानावर झोपलेल्या हिरव्या पाली, फांदीला चिकटून बसलेला चापडा साप. बोईसरच्या कारखान्यात पत्रा कापणारा मी, कुठच्या कुठे पोहोचलो! उमरोळी स्टेशनाबाहेर धामण पकडताना तू ‘अहो, जरा पोतं धरा’ म्हणून मलाच हाक मारलीस, नाहीतर आजही पत्राच कापत असतो.

इथे पाड्यावर मला मागून ‘सापवाला’ म्हणतात. ज्याचा बाप साप चावून मेला तो सापवाला. त्यांचं चुकत नाही.

बा कसा गेला ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. दिवसभर भाताची आवणी करून तो दिवेलागणीलाच जेवला आणि चटईवर आडवा झाला. नऊच्या सुमारास उठला, पोटात कळा येतात म्हणाला. अंगावर दातांची खूण नाही, सूज नाही. काहीतरी बाधलं असेल म्हणून आईने ओवा दिला. पहाटे जीप मिळाली तेव्हा त्याचा श्वास अडकायला लागला होता. पालघरला पोहोचेपर्यंत संपलं. मण्यार सकाळी चटईखाली सापडली. मी तिसऱ्या दिवशी आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात नुसती त्याची कोयती खुंटीला होती.

दोन महिने मी घराबाहेर पडलो नाही म्हटलं तरी चालेल. मग वाटलं, निदान पाड्यावरच्या लोकांना तरी मण्यार ओळखता यावी. घरोघर जाऊन सांगितलं, शनिवारी जेवणं झाली की या, बांधावरून तासभर फिरू, कुठला साप विषारी ते दाखवतो. आपला नाइट वॉकच, पण फुकट. शनिवारी मी देवळापाशी बॅटरी घेऊन उभा राहिलो. कुणी आलं नाही. शेजारच्या सोमीकाकूंनी तर मला बघून दार लावून घेतलं. निघणार तेवढ्यात आई आली. बाचे बूट घालून, काठी घेऊन. म्हणाली, “चल, मना दाखव.”

तेजल, इतकी चांगली पर्यटक आपल्याला कधी मिळाली नाही. बेडकाचा आवाज आला की ती आधी थांबायची, मग मला बोट दाखवायची. बिनविषारी कवड्या साप दिसला तेव्हा म्हणाली, “हा गरीब हाय, नाय?” पुढे ओहोळाजवळ दगडांत मण्यार दिसली. काळी कुळकुळीत, अंगावर पांढरे पट्टे. मी तिला चार हात मागे धरून उभं केलं आणि पाठ असल्यासारखं बोलत सुटलो, की ही चावली तर दुखत नाही, कळतही नाही. मग पोटात कळा येतात आणि पापण्या जड होऊन मिटायला लागतात. पापण्या मिटल्या की घरात थांबायचं नाही, थेट दवाखाना.

आईने काठी जमिनीत रोवली. मग म्हणाली, “त्येचे डोले उघडत नव्हते रं. हेच तं मी तुला फोनवर इचारणार व्हती.” मी बॅटरी खाली करून तोंड वळवलं. तिला वाटलं मी रडतोय. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “रेंज नव्हती, तू तरी काय करशील? ती तेजल पन बोलली ना, जंगलात रेंज नसते.”

तू तिला समजावण्यासाठी तसं म्हणालीस, आणि मी ते राहू दिलं. त्या रात्री रेंज होती, तेजल. साडेनऊला, झाडाच्या ढोलीत बेडकांची एक जोडी पाण्यावर उलटी लटकून अंडी घालत होती, सगळे श्वास रोखून होते, आणि माझ्या खिशात फोन थरथरला. मी काढून बघितला. ‘आई’ दिसलं. मी तो बंद केला आणि बॅटरी परत ढोलीवर धरली. ती दोन वाक्यं बोलली असती तरी मण्यार चावलीय हे मला कळलं असतं. दिवाळीला तू उमरोळीला घरी येशील, आईला भेटायला येशील, आणि ती तुझ्यासमोर कदाचित पुन्हा तेच बोलेल. बोललीच तर ‘हो’ म्हणून मान हलवू नकोस. त्याआधी मी तिला सांगणार आहे, बहुतेक आजच, ती शेतावरून आली की. फक्त तिच्या तोंडाकडे बघून सांगायच्या आधी एकदा कुणाला तरी सांगून बघायचं होतं.

तुला चालेल तोवर तुझाच,
अंकुश