हत्तीच्या बरगडीवरच्या तीन रेघा

शुक्रवार, १४ मार्च
संग्रहालयाचं तळघर, दुपारी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, आईचा गुडघाही आता कमी कुरकुरतो. विद्यापीठात तुझा सत्कार झाला त्याचा फोटो तिने फ्रिजवर लावलाय. गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही दाखवला, बिचारा पाना हातात धरून उभा.

इथे धावपळ चालू आहे. सोमवारी दहाला बाहेरची मंडळी मोठा सूक्ष्मदर्शक घेऊन तुझी बरगडी तपासायला येताहेत. संचालक जिना पुसून घेताहेत, जणू पाहुणे जिनाच तपासणार आहेत.

तुझी म्हणजे त्या लांब सुळ्यांच्या, केव्हाच नामशेष झालेल्या हत्तीची. लाखो वर्षांपूर्वी आदिमानवाने दगडी पात्याने त्याचं मांस कापलं आणि हाडावर तीन रेघा उरल्या, हे तू जगाला सांगितलंस. आता शाळेच्या पुस्तकातही आहे ते.

दादा, आडवळणं पुरे. त्या रेघा माझ्या आहेत.

हाडावरची माती काढताना माझी पोलादी सुई सटकली. तीनदा. तू इथे होतास म्हणून मला हे काम मिळालेलं, नोकरीला जेमतेम दोन महिने झालेले. मी घाबरून तीच माती ओरखड्यांत चोळली. दुसऱ्या दिवशी तू भिंगातून बघून ओरडलास, "ढब्बू, हे बघ! अगं, माणूस होता इथे!" आणि मला उचलून गरगर फिरवलंस. बाबा गेल्यानंतर तू पहिल्यांदाच हसत होतास. माझी जीभच रेटेना.

सफाईआधी प्रत्येक हाडाचा फोटो काढून पाकिटात ठेवायचा, हा आपला नियम. त्या फोटोत बरगडी कोरी आहे. तुझा लेख छापून आला त्या दिवशी मी ते पाकीट गेंड्याच्या दातांच्या खणात तळाशी दडपलं. अकरा वर्षं त्याला हात लावला नाही.

आज काढलं. पाकीट उघडेल त्याने मागे सही आणि तारीख टाकायची, हाही नियम तूच घातलेला. मागे तुझी सही आहे. रेघा सापडल्यानंतरची, लेख छापून येण्याच्या महिनाभर आधीची.

म्हणजे तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी समजत होते, मी तुला सांभाळतेय. तू कुणाला सांभाळत होतास, मला की स्वतःला? मला संताप आलाय दादा, आणि रडूही येतंय. पाकिटावर थेंब पडू नये म्हणून ते लांब सरकवून ठेवलंय.

सोमवारी मी बोलणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. बरगडी, सुई आणि फोटो टेबलावर मांडून ठेवीन. हे पत्र आजच हातोहात पाठवतेय. दहाच्या आत आलास तर आधी तू बोल, मी तुझ्या शेजारी उभी असेन. नाही आलास तर पाकीट पालथं ठेवीन, सही वर करून.

आईला आज संध्याकाळी सांगते. फ्रिजवरच्या फोटोचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

तीन रेघांची धनीण,
अजूनही तुझीच,
ढब्बू