पंधरावा प्रवेश

१० जून

ती. मावशीस,
नमस्कार, पण आज रागातच.

तुझ्या समाजकार्य महाविद्यालयाचं माहितीपत्रक आमच्या हॉस्पिटलात आलं. त्यात माजी विद्यार्थिनी म्हणून माझा फोटो आणि खाली चक्क 'समाजसेवा विभागप्रमुख'! अगं, विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. चार वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर पेशंटच्या रांगा लावतेय. वाचून शिसारी आली. काल एक मुलगी ते पत्रक घेऊन आईसकट मला बघायला आली. नर्सिंगची मिळालेली जागा सोडून तुमच्याकडे यायचं म्हणते. शुक्रवारपर्यंत तिला ठरवायचंय. मी काय सांगू तिला?

तुझी (विभाग नसलेली) भाची

१३ जून

चि. विभागप्रमुखबाई,
आशीर्वाद, रागावली असलीस तरी.

तो मजकूर माझाच. पंधरा प्रवेश झाले नाहीत तर यंदा वर्ग बंद, आणि झालेत चौदा. प्राचार्य आम्हाला पत्रकं देऊन दुसऱ्या कॉलेजांच्या फाटकांवर उभं करतात. बावीस वर्षं शिकवून परवा मी एका पोरीपुढे हात जोडले, तर तिने पत्रकाने वारा घेतला. स्वतःचाच वीट आलाय. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत गं. खोटं बोलू नकोस, नुसती गप्प बस.

वेळेवर जेवत जा. माया आटू देऊ नकोस.
तुझी मावशी

१९ जून

ती. मावशीस,
नमस्कार.

गप्पच बसले होते. गुरुवारी ती मुलगी पुन्हा आली, तिला दिवसभर शेजारी बसवलं. एका आजोबांना डिस्चार्ज मिळून नऊ दिवस झाले होते, मुलगा न्यायला येईना. फोनवर त्याला झापून झापून मी थकले. तेव्हा तिने फोन मागितला. रागावली नाही, नुसतं विचारलं की बाबांना चहात साखर किती लागते, इथे कुणालाच माहीत नाही. तासाभरात मुलगा दारात हजर!

मग मात्र मला राहवलं नाही. करार, कपाट, तुझा मजकूर, सगळं सांगून टाकलं. ती रडली आणि शुक्रवारी नर्सिंगला गेली.

तुझा वर्ग मी बुडवला, मावशी. चार वर्षांत या कामासाठीच जन्मलेलं एक माणूस माझ्या टेबलाशी आलं, आणि मी त्याला परत पाठवलं. बरोबरच केलं. त्या बरोबर असण्याचीच मला किळस येते.

शिव्या देण्यापुरतं तरी लिही.
तुझी भाची