धारेआधी पाळणा

ती. निंगम्मा आत्या हिस,
बोरेगौडाचा मंड्याहून साष्टांग दंडवत. मादेश्वराच्या दयेने इकडे सगळे धडधाकट आहेत (मीसुद्धा, हे मुद्दाम का लिहिलं ते पुढे कळेल). तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की शेजारणींना वाटून टाकतेस?

आमच्या सिंचनाचं लग्न मद्दूरच्या मुलाशी अडलं होतं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पोरगी पंधरवडाभर धड जेवली नाही आणि अडवणारी एकटीच, मुलाची आजी सण्णम्मा. मागच्या सिनेमात मी देवाचा रथ जाळला होता. ज्याने रथ जाळला त्याची पोर माझ्या घरात नको, हे तिचं पालुपद. मी म्हटलं, अज्जी, तो रथ कागदाचा होता. तर म्हणते, “रथ कागदाचा असेल, पण हसणं तुझंच होतं ना?”

नशिबाने नव्या सिनेमात मी सुधारणारा गुंड आहे. पहिल्याच दिवशी अज्जीला टॉकीजमध्ये घेऊन गेलो. बाहेर पोरं हिरोच्या कटआउटवर दुधाचा अभिषेक करत होती. चार थेंब अज्जीवर उडाले, ते तिने तीर्थ म्हणून डोळ्यांना लावले. आत मी पडद्यावर लुटीचा माल परत केला, आईच्या पायांवर लोळलो, आणि अंधारात अज्जीने माझा हात घट्ट धरला. “सुधारलास रे लेकरा!” मला तर मांडवच दिसायला लागला. पण पुढे हिरोच्या मुलाला वाचवताना माझ्या पाठीत कोयता बसतो. (मरायला जास्त वेळ मीच हट्टाने मागून घेतला होता. हौस, दुसरं काय!) मग तिरडी, हार, आणि हिरोच्या हातून अग्नी. अज्जीने हळूच हात काढून घेतला, आणि घरी जाऊन लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. माणूस चांगला आहे, पण मेलाय; आणि मेलेल्या बापाने कन्यादानात मुलीच्या हातावर धारेचं पाणी सोडलेलं चालत नाही. व्याही कळवळून म्हणाले, “अगं अव्वा, ते समोर बसून नाचणीचे मुद्दे खातायत!” अज्जी शांतपणे म्हणाली, “गेलेल्यांनाही भूक लागते. म्हणून तर आपण पान वाढून ठेवतो.”

शेवटी पुजाऱ्याने तोड काढली. ज्याची चिता पेटली तो परत आला, तर त्याला पाळण्यात घालून पुन्हा बारसं करायचं. अज्जी लगेच तयार झाली. माझ्या मापाचा पाळणा कुठून आणणार? म्हणून व्याह्यांनी ओसरीवरच्या झोपाळ्यालाच साडी बांधली आहे. येत्या सोमवारी मी, मिशांसकट, त्यात निजणार. सिंचना हसून हसून रडली आणि मग दोन मुद्दे जेवली. तेवढ्यासाठी मी रांगायलाही तयार आहे.
तुझा भाचा,
बोरेगौडा

ता. क. बारसं म्हटलं की कानात नाव सांगायला आत्या हवीच. रविवारी गाडी पाठवतो, गुडघ्याची सबब सांगू नकोस. आत्या, वीस वर्षं लोक मला पडद्यावरच्या नावांनी शिव्या घालतायत. घरची ‘बोरा’ म्हणून हाक मारणारी तूच एक उरलीस. तेच नाव सांग.

आणखी एक. लग्नानंतर नवा सिनेमा सुरू होतोय. त्यात मला पहिल्याच दिवशी कावेरीत बुडवणार आहेत. धारेचं पाणी पडेपर्यंत अज्जीपाशी बोलू नकोस.